गावोगाव विखुरलेली टीम एकजीव कशी करायची: काय आधी, काय नंतर

छत्रपती संभाजीनगरात छोटंसं ऑफिस आणि माणसं नांदेड, उदगीर, अंबाजोगाई, कळंब, सेलू, वसमत इथं आपापल्या घरी. सॉफ्टवेअर, अकाउंटिंग, डिझाइन, ग्राहकसेवा अशा कामांच्या कितीतरी टीम मराठवाड्यात आता अशाच चालतात. मालकाची तक्रारही ठरलेली असते: काम होतं, पण आपलेपणा नाही, मीटिंगमध्ये तिघंच बोलतात, चांगली माणसं न सांगता दुसरीकडे बघायला लागतात. त्यावर सुचणारा पहिला उपाय म्हणजे शुक्रवारी संध्याकाळी ऑनलाइन अंताक्षरी. दोन आठवडे सगळे येतात, मग एकेक कॅमेरा बंद होत जातो.

इथं चुकतो तो क्रम. ज्याला ऑफिसातला निर्णय दोन दिवसांनी कळतो, लाईट गेली की ज्याच्या पोटात गोळा येतो, ज्याच्या बोलण्याच्या ढंगावर कोणीतरी हसतं, त्याला अंताक्षरीनं आपलं कसं वाटेल? आधी साधनं, मग माहिती, मग बोलण्याची संधी. सण आणि भेटी त्यानंतर. खालचे टप्पे याच क्रमानं घ्या. पाच ते पन्नास माणसांची टीम डोळ्यांसमोर ठेवून हे लिहिलं आहे. घाई केली नाही तर सगळं बसायला साधारण तीन महिने लागतात.

## टप्पा १: कोण कुठून आणि कशाच्या भरवशावर काम करतं ते समजून घ्या

प्रत्येकाशी स्वतंत्र फोनवर अर्धा तास बोला. ग्रुपवर फॉर्म टाकू नका, कारण ग्रुपवर अडचण कोणी लिहीत नाही. विचारायचं ते एवढंच:

- घरी फायबर आहे की मोबाइलचा हॉटस्पॉट? कोणत्या कंपनीची रेंज घरात नीट येते?
- लाईट साधारण कधी जाते? इन्व्हर्टर आहे का, आणि राउटर त्यावर आहे का?
- शांतपणे बोलता येईल अशी वेळ कोणती? कोणत्या वेळी कॉल घेणं अवघड जातं?
- ऐकणं, दिसणं, टायपिंग, सलग बसणं यात काही त्रास होतो का, म्हणजे तशी सोय करता येईल?
- बोलायला कोणती भाषा सोपी, आणि लिहायला कोणती?

प्रश्न विचारण्याआधी उत्तरांचं काय होणार ते सांगा. घरून काम करणाऱ्याला कायम एक भीती असते: अडचण सांगितली तर ऑफिसला बोलावतील, नाहीतर काढून टाकतील. म्हणून "यावरून कोणाचं काम काढून घेणार नाही, सोयी ठरवायच्या आहेत" हे वाक्य आधी बोला. मग स्वतःच्या घरची एक अडचण सांगा, आणि नंतर विचारा.

सावधान: घरात किती माणसं, लग्न कधी, मुलं किती, शेती किती हे विचारायचं नाही. "तुम्ही मूळचे कुठले? पाहुणे कुठले?" या प्रश्नांतून आपल्याकडे जात चाचपली जाते, हे सगळ्यांना माहीत असतं. टीम लीडना हे स्पष्ट शब्दांत सांगा. समोरच्यानं स्वतःहून सांगितलं तर ऐका, खोदून विचारू नका.

तपासणी: सगळ्यांचं उत्तर "काही अडचण नाही सर" असं आलं, तर हा टप्पा झालेला नाही. ज्याच्या हातात त्यांची पगारवाढ नाही अशा माणसाकडून पुन्हा बोलणं करवा.

## टप्पा २: किमान साधनं सगळ्यांकडे सारखी

तासाभराच्या ग्रुप व्हिडिओ कॉलला एक जीबीच्या आसपास डेटा सहज जातो. रोज दीड किंवा दोन जीबीच्या मोबाइल प्लॅनवर असलेल्या माणसाचा दिवस दोन मीटिंगमध्येच संपतो. नुसत्या आवाजाच्या कॉलला तासाला शंभर एमबीही लागत नाही. फायबर मिळत असेल तिथं त्याचा खर्च कंपनीनं द्यावा. मिळत नसेल तिथं वेगळ्या कंपनीचं दुसरं सिम द्यावं. गावात एका कंपनीची रेंज ओसरीत येते आणि दुसरीची माडीवर, त्यामुळे दोन सिम असली की काम सहसा अडत नाही.

लाईटचं गणित बहुतेक जण अर्धवट करतात. घरी इन्व्हर्टर असतो, पण तो पंखे-दिव्यांना जोडलेला आणि राउटरचं सॉकेट त्याच्या बाहेर. फायबरचा डबा वेगळा असेल तर राउटरसोबत त्यालाही वीज लागते. राउटरसाठी छोटा यूपीएस मिळतो आणि लाईट गेल्यावर काही तास तग धरतो. घेण्याआधी राउटरच्या अडॅप्टरवरचे व्होल्ट आणि अँपिअर वाचून घ्या. बरेचसे १२ व्होल्टचे असतात, पण सगळे नाही.

तिसरी वस्तू माइकचा हेडसेट. एप्रिल-मे महिन्यात पारा चाळिशीपार जातो तेव्हा घरोघर कूलर धडधडत असतो. त्या आवाजाची लाज वाटून माणूस स्वतःला म्यूट करून ठेवतो आणि तसाच गप्प राहतो. आपण म्हणतो, "तो बोलतच नाही." चांगल्या हेडसेटनं यातला मोठा भाग सुटतो.

मग लाईटचा नियम लिहून काढा. "लाईट गेली, चारपर्यंत येईन" असा एक मेसेज पुरेसा. खुलासा मागायचा नाही. सुट्टी कापायची नाही. तातडीचं काम त्या वेळेत कोण बघणार ते आधीच ठरलेलं. वळवाचा पाऊस सुरू होण्याआधी, म्हणजे एप्रिल संपायच्या आत, हा नियम सगळ्यांनी वाचलेला असावा. लातूरसारख्या ठिकाणी अभ्यासिकेची महिन्याची फी भरून देण्याचा मार्गही आहे. नेट आणि थंडावा दोन्ही मिळतं; बोलता मात्र येत नाही, म्हणून तो लेखी कामापुरताच धरा.

सावधान: दर दहा मिनिटांनी स्क्रीनचा फोटो काढणारं किंवा माऊस हलतोय का हे मोजणारं सॉफ्टवेअर बसवलं असेल, तर पुढचे सगळे टप्पे वाया जातील. कोणतं काम कधीपर्यंत हे ठरवा आणि तेच बघा.

## टप्पा ३: निर्णयाला एकच घर द्या

सगळ्यात जास्त टीम इथं फसतात. ऑफिसातले चौघं चहाला खाली जातात, टपरीवर बोलता बोलता ठरतं, आणि परत आल्यावर काम सुरूही होतं. उदगीरच्या मुलीला ते कळतं तेव्हा तिनं जुन्या पद्धतीनं दोन दिवसांचं काम केलेलं असतं. यात कोणाचा वाईट हेतू नसतो. पण असं तीनदा झालं की ती मनातून बाहेर पडते, आणि मग तिला परत आणणं फार अवघड जातं.

नियम एका ओळीचा ठेवा: लिहिलेलं नाही ते ठरलेलं नाही. टपरीवर बोला, खुशाल बोला. पण वर येऊन लिहा आणि हरकतीची मुदत संपेपर्यंत अंमल करू नका. लिहिण्याचा नमुना असा:

> निर्णय: जुन्या ग्राहकांची बिलं ५ तारखेऐवजी १ तारखेला जातील.
> कारण: पैसे उशिरा येतात, महिनाअखेरीस ओढाताण होते.
> हरकत किंवा सूचना: गुरुवारी दुपारी १ पर्यंत, याच खाली.
> जबाबदारी: बिलिंगची जोडी.
> लागू: पुढच्या महिन्यापासून.

यातली "कारण" ही ओळ कधीही गाळू नका. दूर बसलेल्या माणसाला हुकूम पोहोचतो, पण त्यामागची चर्चा पोहोचत नाही. ही ओळ ते अंतर कमी करते. हरकतीची मुदत किमान पूर्ण एक दिवस असावी, म्हणजे ज्याच्याकडे दुपारभर लाईट नव्हती त्यालाही बोलता येईल.

हे कुठं लिहायचं? सगळ्यांना उघडता येणारी एक गूगल डॉक किंवा स्लॅक या ऑफिस-चॅटच्या ॲपवरचा एक चॅनेल चालेल. जागा कोणतीही असो, ती एकच हवी. व्हॉट्सॲप ग्रुप तातडीच्या निरोपापुरता आणि वाढदिवसापुरता ठेवा. तिथं निर्णय वाहून जातो आणि चार दिवसांनी शोधून सापडत नाही. टायपिंग जड जातं त्यानं व्हॉइस नोट पाठवावी, हरकत नाही, पण त्यातून काही ठरलं तर त्याच्या दोन ओळी लिहिण्याचं काम टीम लीडचं.

तपासणी: मागच्या आठवड्यातला एक निर्णय घ्या आणि सगळ्यात लांबच्या माणसाला फोन करून विचारा: हे तुम्हाला कधी कळलं, कुठून कळलं? "अमक्यानं फोन केला होता" असं उत्तर आलं तर टप्पा चारकडे जाऊ नका. अजून पंधरा दिवस इथंच थांबा.

## टप्पा ४: मीटिंगची घडी बदला

१. प्रत्येकाची स्क्रीन वेगळी. ऑफिसात सहा जण असले तरी सहाही जणांनी आपापल्या लॅपटॉपवर हेडसेट लावून यायचं. एका लॅपटॉपभोवती सहा जण आणि बाहेरून चौघं, अशी मीटिंग बाहेरच्या चौघांसाठी नुसती गलबल असते. खोलीतली हसू-कुजबुज त्यांना अर्धवट ऐकू येते आणि विषय आपलाच असावा असं वाटत राहतं.

२. आदल्या दिवशी प्रश्न पाठवा. "मार्केटिंगबद्दल चर्चा" असा विषय धाडून कोणी तयारी करत नाही. "पुढच्या महिन्यात नांदेडचे तीन ग्राहक सांभाळायचे की नवे शोधायचे?" असा प्रश्न असेल तर उत्तर घेऊन येता येतं.

३. पहिली पाच मिनिटं लेखी. मीटिंग सुरू झाली की कोणी बोलायचं नाही. सगळ्यांनी सामायिक डॉकमध्ये आपलं मत लिहायचं. आपल्याकडे सर एकदा बोलले की त्यांच्या विरुद्ध कोणी बोलत नाही. मनात असलं तरी मान डोलावली जाते. आधी लिहिलं गेलं की ते मत निदान समोर राहतं.

४. वरिष्ठ सगळ्यात शेवटी. बोलण्याचा क्रम नव्या किंवा लांबच्या माणसापासून सुरू करा. मात्र "उद्या तुमच्यापासून सुरुवात करू" हे आदल्या दिवशी सांगा. अचानक नाव घेतलं तर संधीची परीक्षा होते.

५. कॅमेऱ्याची सक्ती नको. एकाच खोलीचं घर असेल, मागं कोणी झोपलेलं असेल, सासूबाई स्वयंपाक करत असतील. मागचं धूसर करायची सोय जुन्या लॅपटॉपला झेपत नाही आणि आवाजही अडकायला लागतो. स्त्रियांना या सक्तीचा त्रास जास्त होतो आणि त्या तो क्वचितच बोलून दाखवतात.

६. वेळ टप्पा १ च्या उत्तरांवरून ठरवा. बहुतेक टीमना सकाळी ११ ते १ आणि दुपारी ३ ते ५ जमतं. शुक्रवारी दुपारी जुम्म्याच्या नमाजची वेळ मोकळी ठेवा. संध्याकाळी सहानंतर मीटिंग नको.

७. टिपण त्याच दिवशी. काय ठरलं ते टप्पा ३ च्या नमुन्यात. लाईट गेल्यानं जो मधेच गेला, त्याच्या नावाचा प्रश्न टिपणात खाली लिहून ठेवा.

नेहमीची चूक: शेवटच्या मिनिटाला "कोणाला काही बोलायचंय का?" असं विचारणं. यावर शांतताच मिळते. त्याऐवजी नेमकं विचारा: "मागच्या वेळी परत आलेल्या मालाचं तुम्ही बघितलं होतं, यात काय अडेल?"

एक छोटी गोष्ट: मीट, झूम, टीम्स यांत खाली मजकूर दिसण्याची सोय असते. ती चालू ठेवा. मराठीची सोय असेल तिथंही तो अधूनमधून चुकतो, तरी कमी ऐकू येणाऱ्याला आणि खराब रेंजवाल्याला त्याचा आधार होतो.

## टप्पा ५: भाषेचा निकाल लावा

ग्राहकाशी इंग्रजी लागत असेल तर लागू दे. आपसांत मराठी, हिंदी, इंग्रजी काहीही चालेल, आणि निर्णय साध्या मराठीत लिहिले जातील, असं जाहीर करा. देगलूर-बिलोलीकडे घरी तेलुगू असते, उदगीर-निलंग्याकडे कन्नड, आणि संभाजीनगर, परभणी, बीड, नांदेडमध्ये कितीतरी घरांत उर्दू. मराठी लिपी वाचायला ज्यांना वेळ लागतो त्यांना महत्त्वाचा निर्णय फोनवरही सांगा.

"करायलोय", "येऊलालो" असं बोलणाऱ्याची नक्कल करायची नाही, प्रेमानंही नाही. ज्याची एकदा नक्कल झाली तो पुढे तोंड उघडण्याआधी प्रत्येक वाक्य मनात दुरुस्त करून घेतो, आणि तेवढ्यात विषय पुढे गेलेला असतो. कोणाच्या इंग्रजीतली चूक ग्रुपवर सुधारू नका. खासगीत, आणि ग्राहकाकडे जाणाऱ्या मजकुरापुरतीच सांगा.

## टप्पा ६: नव्या माणसाचे पहिले ३० दिवस

ऑफिसात नवा माणूस शेजारच्याकडे बघून निम्मं शिकतो. घरी बसलेल्याला ते दिसतच नाही, म्हणून सगळं मुद्दाम मांडावं लागतं.

रुजू होण्याआधी: लॅपटॉप आणि हेडसेट तीन दिवस आधी पोहोचलेले, सगळे लॉगिन एकदा चालवून बघितलेले, राउटरच्या यूपीएसचं विचारून झालेलं. पहिला दिवस पासवर्डच्या मागं धावण्यात गेला तर ती आठवण लवकर पुसत नाही.

सोबती नेमा. तो त्याचा वरिष्ठ नसावा. रोज पंधरा मिनिटं बोलणं, आणि ही पंधरा मिनिटं सोबत्याच्या कामात धरलेली. ती वरचं ओझं झाली तर चौथ्या दिवशी बंद पडतात.

पहिला आठवडा: पूर्ण होईल आणि खरोखर वापरलं जाईल असं एक छोटं काम द्या. वापरलं गेलं की सगळ्यांसमोर नाव घेऊन सांगा.

पहिले दोन आठवडे: रोज एका सहकाऱ्याशी वीस मिनिटांचा एकेकट्यानं कॉल. विषय दोनच: तुम्ही काय करता, आणि माझं काम तुमच्यापर्यंत कुठं येतं.

प्रश्नांची वही: एक डॉक, ज्यात नवा माणूस सुचेल तो प्रश्न लिहितो आणि कोणीही उत्तर लिहितं. पुढच्या नव्या माणसाला हीच वही द्या. कंपनीच्या कोणत्याही छापील माहितीपुस्तिकेपेक्षा ती उपयोगी पडते, कारण तिच्यातले प्रश्न खरोखर कोणालातरी पडलेले असतात.

तपासणी: सातव्या, पंधराव्या आणि तिसाव्या दिवशी एकच प्रश्न: "अडलं तर तुम्ही पहिला फोन कोणाला कराल?" तिसाव्या दिवशीही उत्तर फक्त वरिष्ठाचं नाव असेल, तर ओळखी झालेल्या नाहीत. एकेकट्याचे कॉल पुन्हा लावा.

## टप्पा ७: सुट्ट्यांची यादी सगळ्यांनी मिळून करा

मुख्य ऑफिसच्या भिंतीवरचं कॅलेंडर सगळ्यांना लागू होत नाही. लातूर-धाराशिवकडे वेळा अमावस्येला गाव शेतात जातं. त्या दिवशी मुदत ठेवली तर ती चुकणारच. पोळा, महालक्ष्म्यांचे तीन दिवस, तुळजापूरचं नवरात्र, नांदेडचा होला मोहल्ला, रमजानमधली इफ्तारची वेळ आणि ईद, १५ फेब्रुवारीची सेवालाल महाराज जयंती, १४ एप्रिल, ६ डिसेंबर, १४ जानेवारीचा नामविस्तार दिन हे सगळं टीमच्या सामायिक कॅलेंडरवर आलं पाहिजे. यादी दरवर्षी नवं वर्ष लागण्याआधीच प्रत्येकाकडून मागवा. थोड्या सुट्ट्या सर्वांना सारख्या आणि बाकीच्या ज्यानं त्यानं निवडायच्या, ही पद्धत बसते. कारण विचारायचं नाही.

शेतीचं वेळापत्रकही याच कॅलेंडरवर. जूनमधली पेरणी आणि दसरा-दिवाळीच्या सुमाराची सोयाबीनची काढणी या काळात कितीतरी जणांना घरच्या रानात उभं राहावं लागतं. मोठं काम त्या पंधरवड्यात लावू नका, म्हणजे कोणाला खोटं आजारपण सांगावं लागणार नाही.

## टप्पा ८: तक्रारीची वाट आधी बांधा

दहा किंवा जास्त कर्मचारी असतील तर महिलांच्या लैंगिक छळाविरुद्धच्या २०१३ च्या कायद्यानुसार अंतर्गत समिती नेमणं बंधनकारक आहे. अध्यक्ष वरिष्ठ पदावरची महिला, किमान निम्म्या सदस्य महिला आणि एक सदस्य बाहेरच्या सामाजिक संस्थेतली किंवा या विषयाची जाण असलेली. दहापेक्षा कमी कर्मचारी असतील तर जिल्ह्याच्या स्थानिक समितीकडे तक्रार करता येते. या कायद्यातल्या कामाच्या ठिकाणाच्या व्याख्येत राहतं घरही येतं. त्यामुळे रात्री अकराला आलेला नको तो मेसेज किंवा व्हिडिओ कॉलवरची शेरेबाजी "ऑफिसात घडलं नाही" म्हणून सुटत नाही. तक्रार साधारणपणे तीन महिन्यांत करायची असते आणि चौकशी ९० दिवसांत पूर्ण व्हायला हवी.

समितीची नावं आणि संपर्क, निर्णय लिहिता त्याच ठिकाणी सगळ्यात वर लावा. जातीवरून, धर्मावरून, अपंगत्वावरून होणाऱ्या बोलण्याबद्दल कोणाला सांगायचं तेही तिथंच लिहा. निदान दोन नावं असू द्या, म्हणजे त्यातल्याच एकाबद्दल तक्रार असेल तर दुसरी वाट उरते.

## टप्पा ९: आता भेटा

इथवर आलात की भेटीला अर्थ येतो. वर्षातून दोनदा, दोन दिवस, कामाच्या दिवसांत. रविवार घेऊ नका. नेहमी संभाजीनगरलाच बोलावलं तर नांदेड आणि लातूरच्या माणसाचा अख्खा दिवस जाण्यातच जातो. एखादी भेट परभणीला ठेवून बघा: नांदेड, पूर्णा, सेलू, जालना आणि संभाजीनगर एकाच रेल्वेमार्गावर आहेत, आणि लातूरकडून परळीमार्गे येता येतं. बीडकरांना गाडी करून द्या. प्रवास, मुक्काम, जेवणाचे पैसे आधी द्यायचे. "बिलं लावा, नंतर देऊ" म्हटलं की कमी पगाराचा माणूस येतच नाही. बाळ लहान असेल तर सोबत येणाऱ्या माणसाचीही सोय धरा. जेवणात शाकाहारी, मांसाहारी, उपवासाचं आणि हलाल असं आधी विचारून ठेवा.

सकाळी एक खरा अडलेला प्रश्न घेऊन बसा, दुपारनंतर मोकळं सोडा. अंताक्षरी इथं आपोआप होते.

## टप्पा १०: दर सहा महिन्यांनी चार याद्या तपासा

भावना मोजणारी प्रश्नावली नंतर कधीतरी. आधी या चार याद्या काढा:

१. मागच्या सहा महिन्यांत चांगली, पुढे नेणारी कामं कोणाला मिळाली? त्यातले किती ऑफिसात बसतात?
२. बढती आणि पगारवाढ कोणाला मिळाली? सारख्या कामाला गावातून काम करणाऱ्याचा पगार कमी आहे का?
३. सोडून कोण गेलं, आणि ते कुठून काम करत होते?
४. निर्णयांखाली हरकत किंवा सूचना कोणी लिहिली? ज्यांचं नाव एकदाही नाही ते कोण?

चौथ्या यादीतल्या प्रत्येकाला टप्पा १ सारखाच अर्ध्या तासाचा फोन करा, त्याच्या वरिष्ठाशिवाय दुसऱ्या कोणीतरी. पहिल्या दोन याद्या ऑफिसकडे झुकलेल्या दिसल्या, तर पुढचं मोठं काम वाटताना आधी लांबच्या माणसाचं नाव घ्या आणि ते का, हे निर्णयाच्या "कारण" या ओळीत लिहा.